डावी सीट

केतकीनं गाडीचं दार उघडलं, गव्हाची पिशवी ड्रायव्हरच्या सीटवर सपाट पसरून दोरीनं बांधली, तिच्यावर चादरीची घडी टाकली आणि वर बसली. गहू एकोणीस किलो आणि ती पंचावन्न. बेरीज चौऱ्याहत्तर. बाबांचं वजन तेवढं होतं.

फाटकाशी आई उभी होती. हातात पर्स, डोळ्यांवर काळा चष्मा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी अकराची वेळ दिली होती आणि रिक्षा काही येत नव्हती.

"दवाखाना तुझ्या वाटेवरच आहे," आई म्हणाली. "स्पाइन रोडला उतरव. दहा मिनिटांचा प्रश्न. हलणारसुद्धा नाही मी."

"आई, आपलं ठरलंय ना."

"तुझं ठरलंय." आईनं खिडकीतून वाकून पिशवीकडे पाहिलं. "गव्हाला रोज फिरायला नेतेस आणि मला रिक्षानं पाठवतेस. बरं आहे. पुढच्या जन्मी गहू होईन म्हणते."

केतकीला हसू आलं, पण ती हसली नाही. एकदा हसली असती तर पुढचं दार उघडावं लागलं असतं. तिनं गाडी सुरू केली. आरशात आई रस्त्याच्या टोकाकडे बघत उभी राहिलेली दिसली आणि मग वळण आलं.

आपण वेड्यासारखं वागतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही. छत्तीस वर्षांची बाई, कॉलेजात भूगोल शिकवणारी, घरात चार कपाटं पुस्तकं. पण गाडी साधी नव्हती, आणि ती ज्याची होती तो माणूस आठ महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, चहाचा कप अर्धा ठेवून गेला होता.

केतकीच्या बाबांनी, हेमंत बोरावके यांनी, चाकणच्या एका मोटार कंपनीत पस्तीस वर्षं एकच काम केलं. गाडीतून वजन काढायचं. "सत्तर किलोचा माणूस ऑफिसला पोचवायला आपण दीड टन लोखंड ओढतो," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि पाहुण्यांनी मान डोलावली की आणखी अर्धा तास सांगत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते काहीही ठेवायचे. नवी चप्पल, छत्री, केतकीची कंपासपेटी. "पेटी एकशे ऐंशी ग्रॅम, आतला माल नव्वद. डबा मालापेक्षा जड झाला तर चूक डब्याची."

गाडी हलकी केली की ती कमी वीज खाते, हे सरळ आहे. पण काढलेल्या लोखंडाच्या जागी काय घालायचं, हा प्रश्न वाकडा. कार्बनचे धागे हजार अंशांच्या वर भाजावे लागतात. त्यात इतकी वीज जाते, की रस्त्यावर वाचलेली वीज कित्येक वर्षं तीच भरून काढत बसते. शिवाय ते धागे ज्या रेझिनमध्ये, म्हणजे कृत्रिम राळेत, बसवतात, ते एकदा घट्ट झालं की झालं. लोखंड वितळवता येतं, ॲल्युमिनियम वितळवता येतं. हे वितळत नाही, कुजत नाही, सुटंही होत नाही. केतकी दहा वर्षांची असताना बाबा तिला नगर रस्त्यालगतच्या एका माळावर घेऊन गेले होते. तिथं मोडक्या बंपरांचे, बॉनेटांचे आणि पवनचक्क्यांच्या पात्यांचे ढीग होते, तिमजली घराएवढे. ऊन चढलं होतं आणि ढिगांवर एक रोपटंही उगवलेलं नव्हतं.

"गाडी हलकी झाली आणि कचरा जड झाला," बाबा म्हणाले होते. "यातले काही तुकडे मी डिझाइन केलेत. तुझी नातवंडं म्हातारी होतील तेव्हाही ते इथंच असतील."

उत्तर त्यांच्या गटाला हाडात सापडलं. हाड सगळीकडे सारखं जाड नसतं. भार पडेल तिथं ते भरतं आणि पडणार नाही तिथं विरळ होतं. म्हणून प्लॅस्टरमधून निघालेला हात बारीक असतो आणि अंतराळातून आलेल्या माणसाची हाडं ठिसूळ. मग गाडीचा सांगाडा तसाच का करू नये? अंबाडी आणि जवसाचे धागे घ्यायचे, त्यांच्यात केसासारख्या नळ्या सोडायच्या आणि नळ्यांत एक नवं रेझिन. ताण पडला की त्या जागी रेझिनचे बंध जुळतात, थर चढतो. ताण गेला की काही महिन्यांत बंध सुटतात आणि रेझिन नळ्यांतून जिथं हवं तिथं निघून जातं. प्रत्येक ठिकाणी जास्तीची जाडी आधीच घालून ठेवायला नको. गाडी जेमतेम तीनशे किलोंची जन्माला येते आणि बाकीचं वापरणाऱ्याकडून शिकते. आयुष्य संपलं की तिला कोमट द्रवाच्या टाकीत सोडायचं. धागा वेगळा, रेझिन वेगळं, आणि दोन्हींतून दुसरी गाडी. माळावर टाकायला काहीच उरत नाही.

बाबांना त्याचं नाव 'अस्थी' ठेवायचं होतं. विक्री खात्यातल्या माणसानं हात जोडले. "सर, अस्थी घेऊन लोक फक्त नदीवर जातात. शोरूममधून घरी कोण नेईल?" लोकांनी आपलं नाव दिलं, वाढता पत्रा.

वाढत्या पत्र्याच्या पहिल्या शंभर गाड्यांपैकी एक बाबांनी घेतली आणि सहा वर्षं चालवली. ते गेल्यावर मार्चमध्ये गाडी तपासणीला न्यावी लागली, कारण नियम होता: मालक गेला तर नऊ महिन्यांत काय ते ठरवायचं. चाकणच्या तपासणी केंद्रात वाजिद शेख होता. त्यानं बाबांच्या हाताखाली बारा वर्षं काढली होती. त्यानं गाडीखाली यंत्र फिरवलं, आणि पडद्यावर सांगाड्याचं चित्र उमटलं. विरळ जागी फिकट, दाट जागी गडद निळं.

"ताई, हे बघा," तो हळूच म्हणाला. "हे सर."

उजव्या सीटखाली एक रुंद, किंचित मागं झुकलेला निळा डाग होता. खिडकीच्या काठावर कोपर टेकायची जागा. पुढच्या आसाजवळ दोन जाड पट्टे, अचानक ब्रेक दाबणाऱ्याच्या गाडीत येतात तसे. केतकीनं पडद्यावर बोट ठेवलं. बाबांच्या कपड्यांचा वास जात चालला होता. आवाज फोनमध्ये होता, पण त्यातलं बहुतेक "पोचलीस का" एवढंच. इथं मात्र ते बसलेले होते.

"हे असंच राहील ना?"

वाजिदनं मान हलवली. "उभी ठेवलीत तर भार नाही. सात-आठ महिन्यांत सगळं ओसरेल. तुम्ही चालवलीत तर ती तुमची होईल." तो थोडा थांबला. "तिसरा मार्ग आहे. पक्की करता येते. भट्टीत एकशे ऐंशी अंशांवर सहा तास. मग बंध कायमचे बंद. काही बदलणार नाही. पण मग टाकीत घातली तरी कधी सुटणार नाही. संग्रहालयासाठी एक-दोन केल्यात. सरांच्या घरच्यांना कंपनी नाही म्हणणार नाही."

बाबा काय म्हणाले असते ते दोघांनाही ठाऊक होतं.

केतकीनं चौथा मार्ग काढला. गाडी बाबांसारखीच चालवायची. तेवढंच वजन, तोच रस्ता, तीच वेळ. कॉलेजात तिनं दुपारचे तास मागून घेतले. गाडीच्या नोंदींत सहा वर्षांचा प्रत्येक प्रवास होता. ती रात्री जेवल्यावर परीक्षेसारखा त्याचा अभ्यास करायची. चिंचवडहून स्पाइन रोड, मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, चाकण. मोशीच्या चौकात ते सिग्नलच्या फार जवळ जाऊन थांबायचे. पुलावर वेग कमी करायचे, विनाकारण. तिथं नदी बघत असणार. कुरुळीपाशी उजवं कोपर खिडकीवर यायचं आणि चाकणपर्यंत तिथंच असायचं. ती हे सगळं करायची. पुलावर तीही नदीकडे बघायची. पाण्यावर जलपर्णी, काठावर एखादा बगळा. बाबा, इथं काय बघत होतात? असं ती मनात विचारायची आणि पूल संपायचा. ते असताना तिनं त्यांच्याकडे इतकं लक्ष कधीच दिलं नव्हतं.

आणि गाडीत दुसरं कुणी बसायचं नाही. बाहेरचा कुठलाही भार सगळ्या सांगाड्यात थोडा थोडा पोचतो, हे तिनं बाबांच्याच निबंधात वाचलं होतं.

ऑक्टोबरच्या अखेरीस नऊ महिने भरत आले. एका रविवारी भाजी निवडताना केतकी म्हणाली, "आई, मी गाडी पक्की करून घेतेय. खाली पार्किंगमध्ये राहील. वारस म्हणून तुझी सही लागेल."

आई गवारीच्या शिरा काढत राहिली. "त्यांना आवडलं असतं?"

"नसतं."

"मग?"

"त्यांना जायलाही आवडलं नसतं," केतकी म्हणाली. आवाज चढला तसा तिनं लगेच खाली आणला. "मी काही फार मागत नाहीये गं. एवढं एकच."

आईनं हातातली शेंग टोपलीत टाकली. मग म्हणाली, "करते सही. कधी जायचं?"

मंगळवारी केतकी गव्हावर बसून चाकणला गेली. आई मेट्रोनं निगडीला आणि तिथून बसनं चाकणला आली. केंद्राच्या दारात मायलेकी भेटल्या, तेव्हा आईच्या कपाळावर घाम होता आणि पदर एका बाजूनं चुरगळला होता.

"काकू, तुम्ही बसनं?" वाजिदनं एकदा गाडीकडे आणि एकदा केतकीकडे पाहिलं.

"माझं तिकीट गव्हानं घेतलंय," आई म्हणाली. "पाणी दे रे बाबा आधी."

भट्टीत घालण्याआधी शेवटची तपासणी करायची होती. पडद्यावर चित्र आलं आणि केतकीचा श्वास मोकळा झाला. उजवी बाजू तशीच होती. तोच झुकलेला डाग, तेच कोपर, तेच पट्टे.

"शंभरात ब्याण्णव भाग जुळतात," वाजिद म्हणाला. "ताई, कमाल केलीत. असं कुणी राखलेलं मी पाहिलं नाही." पण त्याचा चेहरा आवाजाबरोबर चालत नव्हता. त्यानं चित्र सरकवलं. "आता ही डावी बाजू."

डावीकडे जवळपास काहीच नव्हतं. सीटखाली फिकट, दाराच्या खांबात फिकट, तळाशी नळ्यांचं नुसतं जाळं.

"रेझिन सगळं उजवीकडे गेलंय. डावीकडे आठ महिने भारच नाही. अशी पक्की केली तर अशीच राहील, अर्धी. आणि रस्त्यावर तर मी हिला आज सोडूच शकत नाही. येताना डावीकडे ओढत नव्हती?"

ओढत होती. केतकीला वाटलं होतं, रस्ता खराब आहे.

"आधी कशी होती?" तिनं विचारलं.

वाजिदनं मार्चचं चित्र शेजारी लावलं. मार्चमध्ये तिनं फक्त उजवीकडे पाहिलं होतं. आता दिसलं, डावी बाजूही तेवढीच निळी होती. सीटखाली एक लहान, सरळ डाग. दाराच्या मुठीशी चार बोटांएवढी रेघ. आणि खाली पायांपाशी, एका जागी, सुपारीएवढी काळीभोर गाठ.

"ही मला तेव्हाही कळली नव्हती," वाजिद म्हणाला. "तिथं इतका भार कशाचा? सरांनी काही अवजड ठेवलं होतं का?"

आई चष्मा वर करून पडद्याच्या अगदी जवळ गेली. मग हसली. कितीतरी महिन्यांनी हसली.

"पाय आहे तो माझा."

"पाय?"

"तुझे सर ब्रेक उशिरा दाबायचे. नेहमी. स्कूटर होती तेव्हापासून. मग मी आधी दाबायचे. मोशीच्या शाळेत मी शिकवायचे, तिथं मला सोडायचे ना रोज, आणि मी निवृत्त झाले तरी हवा खायला म्हणून त्यांच्याबरोबर येतच राहिले. चौक आला की माझा उजवा पाय खाली. ते म्हणायचे, उज्ज्वला, तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये. मी म्हणायचे, तुमच्या बाजूला आहे तर वापरा." ती गाठीकडे बघत होती. "एवढा जोर लावत होते होय मी. आणि आता?"

वाजिदनं ऑक्टोबरच्या चित्रात तीच जागा दाखवली. तिथं काही नव्हतं.

यंत्राचा पंखा घुमत होता. मार्चमध्ये या गाडीत दोन माणसं होती. त्यांतलं एक राखायला म्हणून तिनं दुसरं, जे फाटकाशी पर्स घेऊन रिक्षाची वाट बघत होतं, ते आपल्या हातानं पुसून टाकलं होतं. आणि पिशवी चुकूनही हलू नये म्हणून दोरीनं बांधून.

"आई," ती म्हणाली.

आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, जवळही घेतलं नाही. त्यांच्या घरात तशी पद्धत नव्हती. तिनं फक्त सहीचा कागद उचलला आणि पर्समध्ये टाकला. "हा घरी किराणाच्या यादीला होईल. मागची बाजू कोरी आहे." मग वाजिदकडे वळली. "मला सांग, हे पुन्हा भरतं का?"

"भार पडला तरच, काकू. प्लॅस्टर काढल्यावर हाताला व्यायाम देतात ना, तसं. मी डावीकडे तात्पुरता ॲल्युमिनियमचा आधार बसवतो. ताशी चाळीसच्या वर जायचं नाही. दोन-तीनशे किलोमीटर कुणीतरी तिथं बसायला हवं."

"कुणीतरी आहे," आई म्हणाली. "आणि माझं वजन भरेल तेवढं भरेल. रोज काट्यावर चढवू नका मला."

आधार बसवायला तास गेला. तेवढ्यात केतकीनं दोरी सोडली. पिशवी उचलताना तिचा हात क्षणभर चादरीवर थांबला. उजव्या बाजूचं आता काय होईल, हे तिला वाजिदला विचारावं लागलं नाही. पंचावन्न किलोंचं माणूस, पुढं सरकून बसणारं, कोपर आत ठेवणारं. सहा-सात महिने लागतील. पावसाळ्यापर्यंत बाबा पूर्ण निघून जातील. रेझिन मात्र तेच असेल, त्यांच्या डागातून निघून तिच्या डागात आलेलं. ही गोष्ट त्यांनी पाहुण्यांना अर्धा तास समजावून सांगितली असती. तिला ती आत्ता नको होती. तिला तो मागं झुकलेला डाग हवा होता.

तिनं पिशवी उचलली. गहू वाजिदनं कॅन्टीनला घेतले.

तिनं सीट पुढं ओढली. आई शेजारी बसली, पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली. फाटकातून बाहेर पडल्यावर केतकीनं घराच्या दिशेचा दिवा लावला.

"घरी कशाला?" आई म्हणाली.

"मग?"

"हा रस्ता चाकणला संपतो असं आपल्या घरात सगळ्यांना वाटतं. पुढं मंचर आहे. मंचरला सुलभा राहते, माझ्या वर्गातली. दहा वर्षं ये ये म्हणतेय. जाऊ या."

"फोन तरी कर तिला."

"फोन केला की ती पुरणाचा घाट घालते. असंच जाऊ."

केतकीनं दिवा बदलला. हा रस्ता गाडीच्या नोंदींत नव्हता. बाबा इथून कधी गेले नव्हते, कुठं हळू झाले नव्हते, कुठं कोपर टेकलं नव्हतं. किती वेगानं, कुठल्या बाजूनं, हे तिला तिचंच ठरवावं लागत होतं आणि ते विचित्र वाटत होतं, पोरकं. मागून गाड्या हॉर्न देत पुढं जात होत्या. राजगुरुनगरच्या अलीकडे टोमॅटोचे क्रेट भरलेला एक टेम्पो पुढं अचानक थांबला. केतकीनं ब्रेक दाबला. गाडी अलगद थांबली, टेम्पोपासून चांगली दोन हात.

तिनं खाली पाहिलं. आईचा उजवा पाय थोडा उचललेला होता. दाबलेला नव्हता.

"तू वेळेवर दाबतेस," आई म्हणाली, तक्रार केल्यासारखी.

"बरं नाही का ते?"

"बरं आहे. पण मग ती गाठ काही परत यायची नाही."

टेम्पो हलला. केतकीनं गाडी पुढं घेतली. मग समोर बघतच म्हणाली, "मी उशिरा दाबू का? चौकात वगैरे. कधीकधी."

"काही नको." आईनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. शेतांत कांद्याची रोपं लावणाऱ्या बायकांची एक ओळ वाकलेली होती. ती ओळ मागं जाईपर्यंत आई तिकडेच बघत राहिली. "अडतीस वर्षं जीव मुठीत धरून बसले त्यांच्या शेजारी. आता कुणी म्हटलं तर आणखी अडतीस बसेन. पण तुझ्या शेजारी नाही तसं बसायचं मला."

तिनं चपला काढल्या, पायांनी त्या सीटखाली सारल्या. मग पट्टा थोडा सैल करून, गुडघा धरून, एकेक पाय वर घेतला आणि सीटवर ऐसपैस मांडी घातली.

"तुझे बाबा असं बसू द्यायचे नाहीत," ती म्हणाली. "म्हणायचे, भार वाकडा पडतो."

"पडू दे," केतकी म्हणाली.